हॉथॉर्न लेनवरची पन्नास मिनिटं

होझियाच्या घराला पडदे नव्हते. बर्मिंगहॅमच्या पश्चिमेला, बंद पडलेल्या पोलाद कारखान्याच्या मागच्या वस्तीत त्याचं ते दोन खोल्यांचं घर रस्त्यावरून आरपार दिसायचं. सकाळी दाढी करताना तो दिसायचा, टीव्हीसमोर ताट मांडीवर घेऊन जेवताना दिसायचा आणि खुर्चीत बसल्या बसल्या डुलक्या घेताना दिसायचा. पलंग होता, पण त्यावर जुन्या वर्तमानपत्रांची चळत रचलेली. वस्तीत नवीन कुणी राहायला आलं की विचारायचं, आणि जुनं कुणीतरी सांगायचं, "तो होझिया. पूर्वी टपाल वाटायचा. त्याच्या खिडकीकडे टक लावून बघू नका, म्हणजे झालं."

लुवेनिया त्याची मोठी बहीण. सहा वर्षांनी मोठी, आता पंचाहत्तरीची. दर शनिवारी ती चार मैलांवरून गाडी चालवत यायची, त्याचे कपडे न्यायची, डब्यात भाजी ठेवायची. त्या उघड्या खिडक्यांसमोर उभं राहून भांडी घासायचा तिला चाळीस वर्षांत सराव झाला नव्हता. मान खाली घालून ती काम उरकायची.

एके काळी हाच होझिया वस्तीतला सगळ्यात ऐटबाज तरुण होता. चोविसाव्या वर्षी त्याला पोस्टात नोकरी लागली तेव्हा मामानं, म्हणजे त्यांच्या आईनं, निळ्या शर्टाच्या कॉलरला इतकी कांजी केली होती की त्याच्या मानेला चरे पडायचे. पोस्टाची नोकरी म्हणजे आपल्या काळ्या लोकांत त्या वेळी डॉक्टरकीच्या खालोखाल. संध्याकाळी तो घरी आला की मामा परातीत गरम पाणी आणि मीठ घालून त्याचे पाय शेकायची आणि तो तिला डोंगरापलीकडच्या श्रीमंत गोऱ्यांच्या गल्ल्यांतल्या गमती सांगायचा. कुठल्या घरी किती प्रेमपत्रं येतात, कुठल्या घरचा कुत्रा फक्त गुरुवारी भुंकतो. लुवेनियाला तो आवाज अजून आठवायचा. नंतर तो आवाज कधी ऐकू आला नाही.

मागच्या वर्षीच्या वसंतात, एका रविवारी, माउंट हर्मन चर्चमध्ये प्रार्थनेनंतर एक तरुण बाई बोलायला उभी राहिली. डॉ. इमानी टॉलिव्हर तिचं नाव. मनाच्या आजारांची डॉक्टर, आपल्यातलीच, पण उत्तरेकडची. तिचे शब्द भराभर यायचे. शहरातल्या एका संशोधन केंद्रात एका औषधाचा अभ्यास चालू होता. भूछत्रांतून काढलेलं औषध. शांत खोलीत, दोन माणसांच्या देखरेखीखाली ते घ्यायचं, सहा तास पडून राहायचं आणि जे आत दाबून ठेवलंय ते वर येऊ द्यायचं. गोऱ्या लोकांनी ज्यांना काळे म्हणून दुखावलं, ज्यांची झोप गेली, भूक गेली, अशा लोकांसाठी हा अभ्यास होता, आणि नेमके तेच लोक त्यात येत नव्हते.

"म्हणजे भूछत्रंच ना?" डीकन रफिन मागच्या बाकावरून म्हणाला. डीकन म्हणजे चर्चचा कारभार बघणारा वडीलधारा. हा रफिन कुणालाही टोमणा मारायला कमी करायचा नाही. "माझा पुतण्या त्याच्यापायी तीन वर्षं तुरुंगात होता."

"ती वेगळी, डीकन."

"वेगळी कशी? त्याची शेणात उगवली होती. तुमची काय चांदीच्या वाटीत उगवतात?"

सगळे हसले. इमानीही हसली. मग म्हणाली, "तुमचा पुतण्या आत होता तेव्हा माझ्या कॉलेजातली गोरी मुलं तेच खाऊन समुद्रावर सुट्टी घालवत होती. त्यांना कुणी धरलं नाही. आता त्याचं औषध झालंय, तर रांगेत परत आपणच शेवटी, असं मला नकोय."

"पहिल्या नंबरचीही भीतीच वाटते, पोरी," कुणीतरी म्हातारी म्हणाली. "मेकन काउंटीत पहिला नंबर आपलाच होता."

त्यावर कुणी हसलं नाही. मेकन काउंटीत सरकारी डॉक्टरांनी आपल्या माणसांना चाळीस वर्षं औषध न देता नुसतं झिजताना बघितलं होतं, आणि त्यातल्या एकाची नात दुसऱ्याच बाकावर बसली होती. इमानीनं वाद घातला नाही. "मी खोलीत असेन," एवढंच म्हणाली. "पूर्ण वेळ. उठून जाणार नाही."

लुवेनियानं दाराशी ठेवलेला कागद पर्समध्ये टाकला. त्या दिवशी तिच्या अंगावर पांढरा पोशाख आणि पांढरे हातमोजे होते. ती चर्चच्या नर्समंडळात होती. नर्स नावाची, काम एवढंच की प्रार्थनेत कुणाच्या अंगात पवित्र आत्म्याचा संचार झाला, कुणी ओरडत खाली कोसळलं, तर त्याचा चष्मा काढून घ्यायचा, बाईमाणूस असेल तर पायांवर चादर टाकायची आणि शेजारी बसून राहायचं. त्याला धरायचं नाही, थांबवायचं नाही. त्याचं त्याला येऊ द्यायचं. पन्नास वर्षं तिनं हे केलं होतं. होझिया मात्र चर्चला आला तर मागच्या भिंतीला पाठ लावून उभा राहायचा आणि मध्येच निघून जायचा.

तो कागद तिनं शनिवारी त्याच्यापुढे ठेवला. तो नाही म्हणेल अशी तिची खात्री होती. त्यानं दोनदा वाचला आणि विचारलं, "याच्यानं झोप लागते?"

"काहींना लागते म्हणे."

"मग जाऊ."

अर्ज भरायला दोघं तिच्या स्वयंपाकघरात बसली. चौथ्या पानावर प्रश्न होता: मनोरुग्णालयात कधी दाखल होता का? भास, भ्रम, स्किझोफ्रेनिया असं निदान कधी झालं आहे का? खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की तसं असल्यास या औषधानं आजार उसळू शकतो, म्हणून अशा व्यक्तीला घेता येणार नाही.

होझियानं पेन खाली ठेवलं. एक्याऐंशी साली तो राज्याच्या वेड्यांच्या इस्पितळात सात महिने होता. तिथून आला तेव्हा त्याचे हात थरथरायचे आणि जीभ जड झाली होती. पोस्टानं त्याला परत घेतलं नाही. पुढची तीस वर्षं त्यानं एका शाळेचा बॉयलर सांभाळला.

"नाही लिही," लुवेनिया म्हणाली.

"खोटं?"

"त्यांना आपल्या घरातलं सगळं कशाला सांगायचं? मामानं काय शिकवलंय? विचारलं की 'हो मॅडम', नाहीतर 'काही नाही मॅडम'. तिसरं काही बोलायचं नाही."

त्यानं 'नाही' लिहिलं. नातेवाइकांसाठीच्या पानावर तिनंही 'नाही' लिहिलं आणि सही केली.

पहिली मात्रा हलकी होती. खोलीत कोच होता, पिवळा दिवा होता, गोधडी होती. डोळ्यांवर बांधायची मऊ पट्टी होझियानं नाकारली. इमानीसोबत डॉ. स्टोड नावाचा एक गोरा माणूस होता; होझिया त्याला म्हणाला, "तू मला दिसशील असा बस," आणि तो निमूटपणे खुर्ची उचलून समोर येऊन बसला. एवढं बघून लुवेनिया बाहेर आली. क्रोशाची सुई घेऊन सहा तास ती बाहेरच्या कोचावर बसली. एकदा आतून रडणं ऐकू आलं, मोठ्या पुरुषाचं, घशाच्या तळातून येणारं. ती उठून दाराच्या काचेशी गेली. होझिया कुशीवर वळून रडत होता आणि इमानी शेजारी जमिनीवर बसली होती. तिनं त्याला धरलं नव्हतं. त्याचा चष्मा तेवढा काढून स्वतःच्या मांडीवर ठेवला होता. लुवेनिया परत येऊन बसली. हिला कुणीतरी नीट शिकवलंय, असं तिच्या मनात आलं.

संध्याकाळी होझिया बाहेर आला आणि बहिणीला म्हणाला, "व्हीनी, भूक लागली."

त्यांनी तळलेला मासा खाल्ला. त्यानं बोटं चाटली. घरी गेल्यावर त्यानं पलंगावरची वर्तमानपत्रं खाली काढली आणि आडवा झाला. सलग अकरा रात्री तो पलंगावर झोपला. शेजारीण फोन करून लुवेनियाला सांगायची, "आजही पलंगावर. घोरतोय." बाराव्या दिवशी त्यानं लुवेनियाला, एकेक अक्षर तोलून, मामाच्या पायशेकाची गोष्ट सांगितली. ती तो कधी विसरला नव्हता म्हणे.

मग दुसऱ्या, मोठ्या मात्रेच्या आधीची बैठक आली. इमानीच्या टेबलासमोर दोघं बसली होती. इमानीनं सगळं नेहमीचं विचारलं, आणि होझिया मध्येच म्हणाला, "डॉक्टर, मी अर्जात खोटं लिहिलंय. मी इस्पितळात होतो. सात महिने. निदानही झालं होतं, तेच, तुम्ही लिहिलंय ते."

लुवेनियानं त्याच्या पायावर पाय दिला. तो म्हणाला, "पाय काढ, व्हीनी. मला आता खोट्याचा कंटाळा आलाय."

इमानीनं अर्जाचं चौथं पान काढून बघितलं. मग म्हणाली, "मला दुसरी मात्रा थांबवावी लागेल."

"म्हणजे मी बाहेर."

"थांबवावी लागेल, एवढंच म्हणतेय. मला ते जुने कागद बघायचेत. त्या काळी आपल्या किती पुरुषांवर तो शिक्का मारला, हे मला ठाऊक आहे. रागावला की वेडा, घाबरला की वेडा. आणि त्या शिक्क्यापायी आज मी त्यांनाच दारातून परत पाठवते." तिनं अर्ज बाजूला ठेवला. "पण तुम्ही दोघांनी मला सांगायला हवं होतं. मोठ्या मात्रेत काही झालं असतं तर मी काय केलं असतं?"

होझियानं कागद मागवायच्या परवानगीवर सही केली. त्या आठवड्यात शेजारणीचा फोन आला नाही. शनिवारी लुवेनिया गेली तेव्हा वर्तमानपत्रं पलंगावर होती आणि तो खुर्चीत.

"मोठी मात्रा मिळाली असती तर त्यातून पार झालो असतो," तो टीव्हीकडे बघत म्हणाला. "मी दारापर्यंत गेलो होतो, व्हीनी. त्या दिवसाच्या दारापर्यंत. पण तो दिवस खरा होता की नाही, तेच कळेना. मग आत कसं जायचं?"

लुवेनियानं नळ जोरात सोडला.

तीन आठवड्यांनी इमानीनं तिला एकटीलाच बोलावलं. टेबलावर फोटोकॉपी केलेल्या पिवळट पानांचा गठ्ठा होता.

"मिस लुवेनिया, मी वाचून दाखवते. तुम्ही फक्त ऐका." तिनं चष्मा लावला. "'रुग्ण, वय सत्तावीस, निग्रो पुरुष. शेजारी पडद्याआडून आपल्याकडे पाहतात असं म्हणतो. आईच्या घरातले पडदे फाडले. दोन वर्षांपूर्वी टपाल वाटत असताना एका गृहस्थानं बंदूक रोखून आपल्याला अंगणात गुडघ्यांवर बसवलं आणि गल्लीतल्या सगळ्यांनी खिडक्यांतून पाहिलं, असा त्याचा ठाम समज आहे. पोलिसांत किंवा पोस्टात नोंद नाही. बहिणीला विचारलं असता असं काही घडलं नसल्याचं ती सांगते. समजूत पटवूनही रुग्ण कल्पना सोडत नाही.' त्याखाली निदान. त्याखाली दाखल करण्यासाठी तुमची सही."

बाहेर कुणीतरी कॉफीचं यंत्र लावलं होतं. ते घरघरत होतं.

"तुम्ही असं सांगितलंत?"

"हो मॅडम," लुवेनियाच्या तोंडून निघालं. मग तिनं स्वतःला सावरलं. "हो बाळ. सांगितलं."

"आणि ते घडलं होतं का?"

चव्वेचाळीस वर्षांत हा प्रश्न तिला एकदाच विचारला गेला होता, आणि विचारणारा गोरा होता, जाड पेन हातात घेऊन बसलेला. गोऱ्या माणसाला गोऱ्या माणसाबद्दल सांगायचं नसतं, हे लहानपणी पाढ्यांच्या आधी शिकवलं जायचं. ते त्यांच्यात्यांच्यात एक होतात आणि मग तुझ्या घराला आग लागते. ती 'नाही सर, काही घडलं नाही' म्हणाली तेव्हा तिला वाटलं होतं, आपण होझियाला वाचवतोय. बंदूकवाल्याचं नाव घेतलं नाही म्हणजे हे प्रकरण इथेच मिटेल. डॉक्टर त्या उत्तराचं काय करणार आहे, हे तिला कळलंच नाही. तिनं हे सगळं इमानीला सांगितलं. मग उरलेलं सांगितलं, जे तिनं मामालाही सांगितलं नव्हतं.

एकोणऐंशीचा जुलै महिना. हॉथॉर्न लेनवर लुवेनिया मिसेस रूक नावाच्या बाईंकडे घरकाम करायची. तिचं लग्नानंतरचं आडनाव वेगळं, त्यामुळे रोज टपाल टाकणारा तो तरुण तिचा भाऊ आहे हे मिसेस रूकना माहीत नव्हतं. दोघांनी तसं ठरवलंच होतं. नातं सांगितलं की एकाच्या चुकीसाठी दोघांची नोकरी जाते. समोरच्या घरात क्रेनशॉ नावाचा माणूस नुकताच राहायला आला होता. होझियाकडे सही घ्यायचं एक पार्सल होतं. पुढचं दार कुणी उघडेना, म्हणून तो मागे गेला. क्रेनशॉ बंदूक घेऊनच बाहेर आला आणि त्याला पुढच्या अंगणात घेऊन गेला.

लुवेनिया जेवणाच्या खोलीत चांदीचे चमचे पुसत होती. तिनं खिडकीतून पाहिलं. होझिया गवतावर गुडघे टेकून, हात डोक्यामागे घेऊन बसला होता, खांद्यावरची टपालाची पिशवी तशीच. मिसेस रूक येऊन तिच्या शेजारी उभ्या राहिल्या. "अगं बाई, हा तर आपला टपालवाला," त्या म्हणाल्या. "बिचारा. किती वेळेवर येतो." आणि गालिच्यावर ऊन येत होतं म्हणून त्यांनी पडदा अर्धा ओढला. लुवेनिया उरलेल्या अर्ध्यातून बघत राहिली. आता जाते, आता जाते, असं तिला वाटत होतं. घरी दोन मुलं होती, नवरा कारखान्यातून कमी केलेला. बाहेर गेले तर एकाच्या जागी दोघं गुडघ्यांवर बसतील, असंही वाटत होतं. घड्याळ समोर होतं. पन्नास मिनिटं. पोलीस आले, हसले, पार्सल बघितलं आणि होझियाला म्हणाले, "चल, उरलेलं टपाल टाक."

आणि त्यानं टाकलं. गुडघ्यांवर गवताचे हिरवे डाग घेऊन घराघरात टाकलं. मिसेस रूकच्या घराशी आला तेव्हा लुवेनिया दाराच्या आतल्या बाजूला उभी होती. फटीतून दोन पाकिटं आणि एक मासिक आत पडलं. त्याचा श्वास ऐकू येत होता. तिनं दार उघडलं नाही.

"त्याला माहीत नाही," लुवेनिया म्हणाली. "मी तिथं काम करायचे हे माहीत होतं. पण तो सोमवार होता. सोमवारी मी सुट्टीवर असायचे. त्या दिवशी पाहुणे येणार होते म्हणून बोलावलं होतं."

इमानीनं चष्मा काढून डोळे पुसले. नंतर बोलली ते मात्र डॉक्टरासारखं बोलली. "तुम्ही हे लिहून दिलंत तर ते निदान टिकणार नाही. भ्रम नव्हताच तो, घडलेली गोष्ट होती. दुसरे दोन डॉक्टर त्याला तपासतील, मग मी समितीपुढे जाऊ शकते. पण कागद त्याचा आहे. तो वाचेल. आणि त्यानं ते माझ्याकडून आधी ऐकावं, असं मला वाटत नाही."

"आणि नाही लिहून दिलं तर?"

"तर तो शिक्का राहील. आणि मला दार बंद करावं लागेल."

शनिवारी तिनं त्याला स्वतःच्या घरी आणलं. मागच्या ओसरीवर दोघं चवळीच्या शेंगा सोलत बसली. तो चांगला सोलायचा; अंगठ्यानं एका झटक्यात शेंग उघडायचा. तिनं अर्धी टोपली होऊ दिली.

"होझिया, तो लॉनवरचा दिवस."

त्याचा अंगठा थांबला. "कुठला लॉनवरचा? डॉक्टर म्हणायचे तो दिवस नव्हताच. तूही म्हणालीस."

"होता."

"तुला काय माहीत?"

"मी बघत होते. मिसेस रूकच्या घरातून."

त्यानं हातातली शेंग मांडीवर ठेवली. मग त्यानं विचारलं ते इतक्या हळू आवाजात की तिला पुढे वाकावं लागलं. "बंदुकीला नळ्या किती होत्या?"

"दोन."

"शर्ट?"

"शर्ट नव्हता. बनियन. पट्टा लोंबत होता."

"आणि पायात?"

"काही नव्हतं. अनवाणी होता."

होझियाच्या तोंडातून एक आवाज निघाला. "अनवाणी होता," तो म्हणाला. "मी त्यांना सांगितलं होतं ना. सात महिने सांगितलं, अनवाणी होता, त्याच्या अंगठ्याचं नख काळं होतं, माझ्या तोंडासमोर होतं ते. ते म्हणायचे, बघ, वेडा माणूसच असे बारकावे रचतो. मग मीच म्हणायला लागलो, रचलं असेल. तसं म्हटल्यावरच सोडलं त्यांनी." त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि चेहरा सैलावला होता, पोस्टातून घरी येऊन पाय परातीत घालायचा तेव्हा सैलावायचा तसा. "घडलं होतं, व्हीनी. घडलं होतं ते."

"घडलं होतं."

तिला वाटलं, एवढ्यावरच थांबेल. पण त्याला हळूहळू दुसरी बाजू कळत गेली. ती कळत असताना तिला दिसत होतं.

"किती वेळ बघत होतीस?"

"सगळा वेळ."

"कुठली खिडकी?"

"खालची. जेवणाच्या खोलीची."

"त्या खिडकीत पडदा हलला होता," तो म्हणाला. "सगळ्या गल्लीत तेवढाच हलला. मी मनात म्हटलं, तिथं कुणीतरी आहे, ते येईल." त्यानं मांडीवरची टरफलं झटकली. "मग टपाल टाकलं तुमच्याकडे, तेव्हा?"

"दाराशी होते. आतून."

त्यानं मान डोलावली, एखादा पत्ता बरोबर लागावा तशी. सोललेली चवळी टोपलीत ठेवली आणि उठला.

"मी सोडते तुला."

"नको. चालत जातो."

"चार मैल आहेत, होझिया. गुडघे दुखतील."

"दुखू देत," तो म्हणाला. "तू लिहून दे, व्हीनी, जे लिहायचंय ते. नीट लिही. अनवाणी होता, तेही लिही."

तिनं लिहून दिलं. चार पानं झाली. दोन डॉक्टरांनी होझियाला तपासलं आणि जुनं निदान चुकीचं असल्याचं लिहिलं. समितीला दोन महिने लागले. ऑक्टोबरात त्याला मोठ्या मात्रेची तारीख मिळाली. त्या दोन महिन्यांत ती दर शनिवारी त्याच्याकडे जायची, तो दार उघडायचा, कपडे द्यायचा, घ्यायचा. "थँक यू" म्हणायचा. बहिणीला कुणी असं थँक यू म्हणतं का? सहाव्या शनिवारी तो म्हणाला की शाळेजवळ धुलाईचं दुकान निघालंय, आता तिनं त्रास घेऊ नये.

तारखेच्या आधी इमानीचा फोन आला. औषधाच्या दिवशी घरी न्यायला ओळखीचं माणूस लागतं, आणि काही झालंच तर कुणाला कळवायचं ते नाव लागतं. दोन्ही ठिकाणी होझियानं नाव बदललं होतं.

"कुणाचं घातलं?"

"डीकन रफिन यांचं. मिस लुवेनिया, याचा अर्थ..."

"अर्थ मला कळतो, बाळ. त्याला सांग, सकाळी पोटात काहीतरी हलकं घालून ये."

त्या दिवशी तिनं घरातलं सगळं चांदीचं, म्हणजे सहा चमचे आणि एक साखरदाणी, काढून पुसलं आणि परत ठेवून दिलं. मग कोंबडी रस्स्यात शिजवली, मक्याचा ब्रेड भाजला, एक ताट वाढून झाकून ठेवलं. कशाला, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

साडेपाचला डीकनचा फोन आला.

"सोडलं घरी. ठीक आहे."

"रडला का?"

"ती डॉक्टर म्हणाली, दोन तास रडला. मग म्हणे हसला. मग तिला विचारत बसला, तुझ्या गावी टपाल वेळेवर येतं का." डीकन खाकरला. "भूछत्रांचं मी काही बोलत नाही, सिस्टर. माझ्या पुतण्याला मात्र सांगणार आहे की तू नुसता चुकीच्या खोलीत होतास."

"माझ्याबद्दल काही बोलला?"

डीकन कधी नव्हे तो शब्द शोधत थांबला. "मी विचारलं, वाटेत तुमच्याकडे थांबायचं का. नको म्हणाला. रागानं नाही. नको म्हणाला, एवढंच. मग गाडीतच झोपला, तोंड उघडं टाकून. उतरवायचं जिवावर आलं माझ्या."

"जेवला?"

"माझ्या बायकोनं डबा दिला होता."

"ती मीठ कमी घालते."

"घालते कमी," डीकन म्हणाला. "पण खाल्लं त्यानं."

फोन ठेवल्यावर लुवेनिया स्वयंपाकघरात गेली. ताटावरचं झाकण काढलं. रस्सा गार होऊन वर चरबीची साय धरली होती. तिनं चमच्यानं ती बाजूला केली आणि उभ्या उभ्याच, ओट्याशी, दोन घास खाल्ले.